दुसऱ्या बाजूचे तीन खडे

दुकानाची फीत कोणी कापायची यावर घरात पंधरा दिवस खल चालला होता, आणि त्या पंधरा दिवसांत गंगूचं नाव एकदाही कोणाच्या तोंडी आलं नव्हतं. तिचा थोरला दीर धोंडिबा, म्हणजे महेंद्रचे नाना, हेच नाव पहिल्या दिवशी निघालं आणि तेच शेवटच्या दिवशी ठरलं. रेकॉर्डच्या फॅक्टरीत एकतीस वर्षं काढलेला माणूस घरात असताना दुसऱ्याला बोलवायचंच कशाला, असं महेंद्र म्हणाला. त्याच फॅक्टरीत आपल्या आईनंही अकरा वर्षं काढली होती, हे त्याला माहीत होतं. पण ती अकरा वर्षं या घरात फक्त थट्टेच्या वेळी निघत.

थट्टा अशी होती की गंगूच्या बांगडीचे ओरखडे पडून एकदा आठशे रेकॉर्ड भरडायला चरकात गेल्या. ती लग्नात निघे, बारशात निघे. नव्यानं घरात आलेल्या सुनेला ती ऐकवली की ती सून घरातली झाली असं समजायचं. प्रीतीलाही तिच्या हळदीच्या दिवशी ऐकवली होती, आणि प्रीती बिचारी खळखळून हसली होती. गंगू तेव्हाही पदर डोक्यावर ओढून भाजी निवडत राहिली. राग गिळायची तिला इतकी सवय झाली होती की लोकांना वाटे, बाईला रागच येत नाही.

तर दोन हजार आठच्या मार्च महिन्यातल्या त्या रविवारी, सकाळी साडेदहाला, अंबरनाथ पूर्वेला पालेगावच्या रस्त्यावरच्या नव्या बिल्डिंगखाली सगळे जमले. गाळा दहा बाय अठराचा. भिंतीवर चार फळ्या आणि प्रत्येक फळीवर प्रीतीच्या टपोऱ्या अक्षरातली पाटी: जाझ, सोल, रेगे, इलेक्ट्रॉनिक. सगळा माल नवाकोरा. काही रेकॉर्ड आत्ताच निघालेल्या, काही तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या, परदेशातल्या कंपन्यांनी पुन्हा छापलेल्या. लोक सीडीसुद्धा विकत घेईनासे झाले असताना हा पोरगा कुरियर कंपनीतली नोकरी सोडून काळ्या तबकड्या विकायला बसतोय, हे नातेवाइकांच्या पचनी पडलं नव्हतं. पण महेंद्रला त्याच कुरियरच्या नोकरीत कळलं होतं की मुंबईत अशा रेकॉर्ड मागवणारे वेडे पुष्कळ आहेत, आणि त्यांची पार्सलं फुटून येतात. आपण नीट आणून देऊ, एवढाच त्याचा हिशेब होता.

बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोसमोर मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण-पंचशील झालं. बाजूला भगवानचा, महेंद्रच्या बापाचा, हार घातलेला फोटो होता. नानांनी फीत कापली. खरवईहून ते रिक्षानं आले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, आणि वयाच्या बहात्तराव्या वर्षीही ताठ उभे होते. त्यांनी छोटं भाषण केलं. मशीनवर गरम माल कसा पडायचा, वरून साचा कसा दाबायचा, अर्ध्या मिनिटात गाणं कसं उमटायचं, ते छान रंगवून सांगितलं. माणूस बोलायला पहिल्यापासून गोड होता.

गंगू मागच्या बाजूला पडद्याआड चहा ओतत होती. पडदा अर्धाच होता, त्यामुळे तिला सगळं दिसत होतं.

"नाना, आता पहिली रेकॉर्ड तुम्हीच लावायची," महेंद्र म्हणाला. "मी एक खास ठेवलीय तुमच्यासाठी. ही बघा. ओळखली?"

त्यानं सोलच्या फळीवरून एक रेकॉर्ड काढली. फळीवर तशा पंचवीस होत्या, ओळीनं दर्शनी लावलेल्या. कव्हरवर एक काळी बाई लाल छत्री घेऊन उन्हात उभी. गंगूच्या हातातली किटली थांबली.

छत्रीवाली. फॅक्टरीत इंग्रजी वाचता येणारी बाई एकही नव्हती. ऐकायच्या खोलीत बसणाऱ्या बाया रेकॉर्डना कव्हरवरून नावं ठेवत: छत्रीवाली, शिंगवाला, टोपीवाला, मोटारवाली. काम एवढंच की मशीनवरून येणाऱ्या दर पन्नासातली एक रेकॉर्ड कानाला यंत्र लावून शेवटपर्यंत ऐकायची, दोष पकडायचा आणि मशीनवर देखरेख करणाऱ्या धोंडिबाकडे चिठ्ठी पाठवायची. गाणं ऐकायचं नाही, गाण्यातला खडा ऐकायचा. भात खाताना दाताखाली येतो तसा. परदेशी गाणारे काय म्हणतात हे गंगूला कधी कळलं नाही, पण कुठे श्वास घेतात हे तिला शेकडो रेकॉर्डचं पाठ होतं.

"अरे, ही तर आपल्याच फॅक्टरीत निघालेली," नाना म्हणाले. आवाजात अभिमान होता.

"म्हणून तर. एकोणतीस वर्षांनी पुन्हा छापलीय बाहेरच्या एका कंपनीनं. मूळ टेपवरून नव्यानं, असं कव्हरवर लिहिलंय. सगळ्यात जास्त मागणी हिलाच आहे. बारा वाजता मुंबईचे लोक येणारेत, पंचवीसच्या पंचवीस बुक आहेत."

"पाच माझ्याच आहेत," तुषार म्हणाला. हा बदलापूरचा पोरगा, मुंबईच्या क्लबात रेकॉर्ड वाजवायचा आणि महेंद्रचं पहिलं गिऱ्हाईक होता. "नाना, ही सोलमधली एकदम टॉपची चीज आहे. ओरिजिनल कुठे मिळतच नाही."

नानांनी रेकॉर्ड दोन तळव्यांच्या मध्ये, कडेवर धरून ठेवली. तशी धरायला फक्त फॅक्टरीतला माणूसच जाणतो. सुई टेकली. बाई गाऊ लागली आणि लोक माना डोलावू लागले.

गंगूच्या कानात दुसरंच काही शिरलं होतं. गाणं सुरू होण्याआधीच्या रिकाम्या जागेत एक बारीक खसखस होती. ती कोणाला ऐकू आली नसती. पण आपल्या चुलीवरच्या डाळीचा वास माणूस ओळखतो तशी तिनं ती ओळखली. परदेशातून टेप यायची तिच्यात ही खसखस नसायची. ती त्यांच्या फॅक्टरीतल्या मालाची होती.

तिनं पडद्याआडून नानांकडे पाहिलं. नानांचं डोलणं थांबलं होतं.

पहिली बाजू संपली, टाळ्या झाल्या. तुषार पुढे झाला. "आता दुसरी लावू या. तिसरं गाणं म्हणजे कहर आहे."

"राहू दे आता," नाना पटकन म्हणाले. "चहा घ्या आधी सगळ्यांनी. गार होईल."

चहा अजून ओतलाच नव्हता. नाना पडद्याकडे पाहत होते, आणि गंगूशी नजर भिडताच त्यांनी ती खाली वळवली.

त्या एका नजरेनं गंगूचं सगळं अंग तापलं. इतकी वर्षं ती स्वतःची समजूत घालत आली होती की भाऊजी विसरले असतील. मोठी फॅक्टरी, शेकडो माणसं, रोजचे हजारो नग, एक चिठ्ठी कोणाच्या लक्षात राहणार. आज तिला कळलं की ते काहीच विसरलेले नाहीत. तिला कोणती बाजू आणि कोणतं गाणं आठवत होतं, तेच त्यांनाही आठवत होतं.

तिनं किटली खाली ठेवली आणि पडदा बाजूला केला.

"महेंद्र, दुसरी बाजू लाव. तिसरं गाणं."

सगळ्यांनी वळून पाहिलं. थोरल्या दिरासमोर गंगू स्वतःहून कधी बोलायची नाही. महेंद्र ओशाळून हसला. "आई, नाना म्हणतायत ना, चहा आधी..."

"चहा मीच देणार आहे. लाव तू."

"तुझं काय त्याच्यात, गंगू?" नाना मवाळपणे म्हणाले. "पोराच्या चांगल्या दिवशी..."

"त्याच्याच भल्याचं सांगते, भाऊजी." मग ती तुषारकडे वळली, कारण त्याच्याकडे बघून बोलणं सोपं होतं. "हे बघ बाळा. त्या गाण्यात बाई मध्येच थांबते. मग मागून एक पुरुष नुसताच हुंकार देतो. त्याच्या पाठीवर तीन खडे येतील. दोन जवळ जवळ, एक जरा लांब. बस्स. पुढे परत नाही."

तुषार आदबीनं हसला. "काकी, ही रिमास्टर आहे. टेपवरून केलीय. ह्याच्यात टिक-बिक काही येणार नाही."

"मग लावायला काय हरकत?" हे प्रीती म्हणाली. महेंद्रनं बायकोकडे डोळे वटारून पाहिलं. सकाळपर्यंत तीही नानांच्या खुर्चीला कुठलं कापड घालायचं या चिंतेत होती. पण सासूच्या आवाजात तिनं आज काहीतरी वेगळं ऐकलं होतं, आणि तिनं सरळ जाऊन रेकॉर्ड उलटवली.

सुई तिसऱ्या गाण्यावर टेकली. बाई गाऊ लागली. गंगूनं डोळे मिटले आणि उजव्या हाताचं बोट किंचित वर केलं, ऐकायच्या खोलीत करायची तसं. बाई थांबली. पुरुषाचा हुंकार आला.

टक टक. टक.

पुढे गाणं स्वच्छ चालू राहिलं.

तुषारनं सुई उचलून मागे ठेवली. पुन्हा तेच. मग तो म्हणाला, "थांबा, ही एकच कॉपी खराब असेल." त्यानं सील न फोडलेली दुसरी घेतली, प्लास्टिक फाडलं, लावली. हुंकार आला आणि त्याच जागी तेच तीन.

"च्यायला," तुषार म्हणाला, आणि मग मोठी माणसं आहेत हे आठवून त्यानं जीभ चावली. "महेंद्रभाई, ये तो चीटिंग है. टेप-बीप काही नाही. कुठली तरी जुनी रेकॉर्ड वाजवून त्याच्यावरून कॉपी मारलीय."

"कुठली तरी नाही," गंगू म्हणाली. "आमची. आठशेपैकी एक कुठेतरी वाचली आणि फिरत फिरत तिकडे पोचली."

महेंद्र आईकडे बघतच राहिला. आठशे हा आकडा त्यानं लहानपणापासून ऐकला होता, पण हसत हसत. "आई, आठशे म्हणजे त्या... बांगडीच्या?"

"बांगडीच्या," गंगू म्हणाली. एवढी वर्षं आत कोंडलेलं आता थांबेना. "बांगडीचा ओरखडा असता तर तो आडवा गेला असता. आडवा गेला की रेकॉर्डच्या दर फेऱ्याला वाजतो, टक, टक, टक, गाणंभर. हे तीनदाच वाजलं. म्हणजे एकाच रेघेत. हे साच्यातून आलंय, हातातून नाही. आणि ऐकायच्या खोलीत आम्ही बांगड्या दाराशीच खुंटीला लावून आत जायचो. सगळ्या जणी. हे भाऊजींना माहीत होतं, कारण ती खुंटी त्यांनीच ठोकून दिली होती."

नाना खुर्चीत बसले. "जुनी गोष्ट आहे," ते म्हणाले. "इतक्या वर्षांनी कशाला उकरायची? चौकशीत सगळं झालं होतं. तू चिठ्ठी लिहिली म्हणालीस, पण माझ्या टेबलावर चिठ्ठी आलीच नव्हती. आली असती तर मी मशीन थांबवलं नसतं का?"

चौकशीतही ते हेच बोलले होते. परत आलेल्या सगळ्या रेकॉर्ड चौकशीच्या आदल्या दिवशी भरडून पुन्हा वितळवल्या होत्या, आणि शिल्लक उरला होता फक्त एका बाईचा शब्द. महिन्याभरात तिनं स्वतःच राजीनामा दिला आणि बिस्किटाच्या कारखान्यात पॅकिंगला लागली. जिथे ऐकायचं काहीच नव्हतं.

"आली होती चिठ्ठी," कोपऱ्यातून आवाज आला.

मोतीबाई बोलत होती. धोंडिबाची बायको, गंगूची थोरली जाऊ. या दोघींचं कधी पटलं नव्हतं. नळावर, सणात, वाटण्यांत दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या होत्या, आणि बांगडीची थट्टा सगळ्यात जास्त मोतीबाईच करायची. आता ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"टेबलावर आली का नाही ते मला नाही ठाव. पण खिशात होती. खाकी शर्ट धुताना घावली मला. सगळी शाई उतरली होती पाण्यात, शर्टाचा खिसा निळा झाला. मला वाचाया येत नव्हतं. मी हेंना विचारलं तर हे म्हणाले, काय नाय, टाक चुलीत. मी टाकली." ती गंगूकडे पाहत होती. "नंतर तुझं ते झालं, तेव्हा समजलं मला. पण नवऱ्याच्या विरुद्ध बोलू कशी? म्हणून हसत राहिले. हसलं की आपल्यालाच खरं वाटाया लागतं गं."

महेंद्रनं नानांकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा आदर हळूहळू उतरत गेला. गंगूला त्याचंही वाईट वाटलं. पोरानं बाप गेल्यावर या माणसाला बापाच्या जागी मानलं होतं.

"नाना?" तो म्हणाला.

नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"त्या महिन्यात मला इनचार्ज म्हणून कायम करायचं होतं," ते अखेर म्हणाले. "आपल्या वस्तीतला पहिला इनचार्ज. वरचे लोक टपलेलेच होते, कधी चुकतोय म्हणून. साचा बदलायचा म्हणजे पाच तास मशीन बंद. माल न्यायची गाडी दारात उभी. मी म्हटलं, तीन खडे, कोणाला ऐकू येणारेत?" ते भावाच्या फोटोकडे वळले. "भगवाननं विचारलं होतं मला. रात्रपाळीवरून घरी आला तो सरळ माझ्याकडे. म्हणाला, दादा, गंगू खोटं बोलत नाही, खरं काय ते सांग. मी सांगितलं, बांगडी लागली असेल रे तिची."

हे मात्र गंगूला माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की भगवाननं भावाचा शब्द मानला. त्याआधी तो तिच्यासाठी भावाच्या दारात जाऊन उभा राहिला होता, हे त्यानं मरेपर्यंत सांगितलं नाही. तिला भडभडून आलं. नवऱ्यावरचा तीस वर्षांचा राग असा एका वाक्यात निघून जाईल असं तिला कधी वाटलं नव्हतं, आणि तो गेला तेव्हा तिला हलकं वाटलं, अगदी खरं खरं हलकं.

"आता बोललात ते पुन्हा बोला, भाऊजी," ती म्हणाली. "खडा साच्यात होता, आणि मी तो पकडला होता. एवढंच. जरा मोठ्यानं. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

मागे कोणी नव्हतं. मागच्या भिंतीवर भगवानचा फोटो होता.

धोंडिबा उभे राहिले. हात जोडले नाहीत, रडले नाहीत. फीत कापताना उभे होते तसेच ताठ राहून त्यांनी सगळ्या गाळ्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "खडा साच्यात होता. गंगूनं तो पकडला होता. चिठ्ठीही दिली होती. मी दाबली."

मोतीबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि जावेच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिथे ती यापूर्वी कधी उभी राहिली नव्हती.

आता प्रश्न उरला पंचवीस रेकॉर्डचा. घड्याळात साडेअकरा झाले होते. महेंद्रनं सोलच्या फळीकडे पाहिलं. ही फळी रिकामी झाली तर दुकानाचं तोंडच जाणार होतं. मुंबईहून माणसं निघालीही असतील.

"आई," तो चाचरत म्हणाला, "तसं बघितलं तर तीन टिक... लोकांना ऐकूही येणार नाहीत." आणि बोलता बोलताच आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं.

प्रीतीनं फळीवरच्या रेकॉर्ड दोन-दोन करून उतरवायला सुरुवात केली. क्षणभरानं महेंद्र तिच्या मदतीला गेला.

"येणाऱ्यांना मी सांगतो," तो म्हणाला. "टेपवरून आहे म्हणून विकलीय त्यांनी, आणि तशी नाही. माझ्या दुकानातून खोटा माल जाणार नाही. परत पाठवतो सगळ्या."

"काकी, मला एक राहू द्या ना," तुषार अजिजीनं म्हणाला. "ह्या स्टोरीसकट. खड्यांसकट. डबल खूश होऊन घेतो."

"नाही," गंगू म्हणाली. "रिजेक्ट म्हणजे रिजेक्ट. आणि बाकीच्या फळ्यांवरचं काहीही विकायच्या आधी मी ऐकणार. दर खोक्यातली एक."

"पगार काय घेशील?" मोतीबाईनं विचारलं, आणि सगळे हसले. त्या हसण्यात गंगूही होती.

खोकं भरून झालं. महेंद्र त्याला चिकटपट्टी लावणार तेवढ्यात नानांनी हात वर केला. "चिठ्ठी राहिली. चिठ्ठीशिवाय माल मागे जात नाही."

प्रीतीनं वहीचं पान फाडून दिलं. गंगूनं ते घेतलं आणि स्टुलावर बसून सावकाश, एकेक अक्षर जोडत लिहिलं: दुसरी बाजू, तिसरं गाणं, बाई थांबते तिथे तीन खडे, साचा बघा. तिचं अक्षर तेव्हा होतं त्याहून वाकडं झालं होतं. तिनं कागद दिरापुढे धरला.

धोंडिबांनी तो दोनदा वाचला. मग खिशाचं पेन काढून खाली, इनचार्जनं करायची तिथे, सही केली. अगदी खालच्या आडव्या रेघेसकट.

गंगूनं कागद परत घेऊन नीट तपासला, आणि पुन्हा त्यांच्यापुढे धरला.

"तारीख राहिली, भाऊजी."

"कुठली टाकू?" त्यांनी विचारलं.

"आजची," गंगू म्हणाली. "माल आजच परत चाललाय."